मागे न फिरणारा हात

जळालेला बोर्ड कुलथेसाहेबांनी रुमालात गुंडाळून आणला. हर्षदाच्या टेबलावर ठेवला, उघडला नाही, नुसता तिच्याकडे सरकवला आणि खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बघ जरा. आणि बाहेर बोलू नकोस."

साहेब तोंड फिरवून बोलतात तेव्हा गोष्ट वाईट असते, हे हर्षदाला पाठ होतं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत 'साकार सर्किट्स' नावाचा पत्र्याच्या छताचा कारखाना, त्याचे मालक सुहास कुलथे, आणि डिप्लोमा संपल्या संपल्या तिथे चिकटलेली हर्षदा मोगल. एकवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस वर्षं तिने पीसीबी काढले, म्हणजे यंत्रांच्या पोटात असतात ते हिरवे बोर्ड कॉम्प्युटरवर आखले. गेली दोन वर्षं बोर्ड मशीन आखायचं आणि हर्षदा ते भिंगाखाली धरून डाग, ओरखडे, सुटलेले टाके शोधायची. आखणी बघायची नाही, असा नियम होता. मशीनची आखणी काय बघायची.

रुमाल सोडला तसा करपलेला वास आला.

"कुठला आहे?"

"काचपेटीतला. अपुऱ्या दिवसांची बाळं ठेवतात ना, ती. कुठल्याशा तालुक्याच्या दवाखान्यातून आलाय."

"आणि बाळ?"

"सहा दिवसांची होती," साहेब खिडकीलाच म्हणाले. "पार्ट खराब निघाला असं रिपोर्टात लिहिणार आहेत. तू फक्त बघ, आपल्याकडे काही येतंय का."

हर्षदाने भिंग ओढलं. जळकी जागा तिला नंतर दिसली. आधी दिसल्या तांब्याच्या रेघा. रेघ वळताना आधी लांब तिरकी जायची, मग आखूड सरळ. भोकं तीन-तीनच्या पायरीने पडलेली, तीन आणि मग थोडी जागा, तीन आणि थोडी जागा. या तीनच्या पायरीला विज्ञानात काही कारण नाही. फार वर्षांपूर्वी तिच्या माउसचं चाक अडकायचं, तीन भोकं टाकली की ते झटकावं लागायचं. माउस भंगारात गेला, सवय बोटांत राहिली. आपण कधी न लिहिलेल्या पत्रावर आपलं अक्षर दिसावं, तसा तो बोर्ड तिच्यासमोर पडला होता. तिने तो आयुष्यात पाहिला नव्हता. आणि काढला होता तिनेच.

मग तिने जळकी जागा बघितली, आणि तिला नाला दिसला नाही.

* * *

नाला म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. ते कळलं नाही तर ती सहा दिवसांची मुलगी कशाने मेली हे कळणार नाही, आणि ते कळू नये अशी बऱ्याच लोकांची सोय आहे.

काचपेटीत बाळाच्या पोटावर नाण्याएवढा सेन्सर चिकटवतात. बाळाचं अंग किती गरम आहे ते तो बोर्डाला सांगतो, आणि बोर्ड पेटीतला हीटर कमी-जास्त करतो. म्हणजे एकाच बोर्डाच्या एका अंगाला भिंतीतून आलेली दोनशे तीस व्होल्टची वीज, आणि दुसऱ्या अंगाला थेट बाळाच्या पोटापर्यंत गेलेली तार. या दोघांच्या मध्ये असते फक्त मोकळी जागा. आठ मिलिमीटर. तिथे तांबं नाही, रेघ नाही, काही नाही. वीज हवेतून उडी मारते हे सगळ्यांना माहीत असतं, पण ती बोर्डाच्या पृष्ठभागावरून सरपटतही जाते. काचपेटीतली हवा मुद्दाम ओली ठेवतात, फडक्याने औषध मारून पेटी पुसतात, धूळ बसते. त्या ओल्या धुळीच्या थरावरून वीज महिन्या-महिन्याने थोडी थोडी वाट करत येते. जागा आठ मिलिमीटर असेल तर पोहोचत नाही. या बोर्डावर एका ठिकाणी ती जेमतेम सव्वा मिलिमीटर होती. नवा कोरडा बोर्ड कारखान्याच्या चाचणीत खुशाल पास झाला असणार. सात-आठ महिने तो नीट चालला असणार.

त्या मोकळ्या जागेला बोराडेनाना नाला म्हणायचे.

यशवंत बोराडे साकारचे तपासनीस. हर्षदा लागली तेव्हाच त्यांचे केस पिकले होते. त्यांना कॉम्प्युटर येत नव्हता आणि शिकायचाही नव्हता. हर्षदा स्क्रीनसमोर बसायची, नाना तिच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर, मांडीवर कागदाचं पॅड, कानावर लाल पेन्सिल.

बोर्ड आखणं म्हणजे एका गावातल्या हजार घरांना एकमेकांपर्यंत रस्ते काढून देणं, आणि कुठलाही रस्ता दुसऱ्याला कापता कामा नये. कापायची वेळ आली की भोक पाडून खालच्या थरात उतरायचं, पलीकडे वर यायचं. हे मेनू उघडून, यादीतून निवडून करत बसलं तर एका बोर्डाला महिना लागेल. म्हणून सगळं शॉर्टकटवर चालतं. उजवा हात माउसवर, रेघ ओढणार. डावा हात कीबोर्डवर, रेघेला हुकूम सोडणार. एक बटण रेघ सुरू करायला, एक भोक पाडायला, स्पेसबार वळणाची दिशा उलटी करायला. चाक फिरवलं की बोर्ड जवळ, लांब. उजवी क्लिक केली की रेघ संपली. हर्षदाचे दोन हात तबलजीच्या हातांसारखे चालायचे, आणि भोक कुठल्या बटणाने पडतं असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. हवेत बोटं नाचवून बघावी लागायची.

आणि तिच्या डाव्या हाताचं सगळ्यात लाडकं काम होतं कंट्रोल-झेड. केलेलं मागे घ्यायचं.

ती आणि नाना जगावेगळं काम करायचे. बाकीचे लोक नाल्याची हद्द सॉफ्टवेअरमध्ये आधी घालतात, मग त्याच्या बाहेर रेघा काढतात. साकारच्या जुन्या सॉफ्टवेअरला हद्द घालता यायची नाही, दोन रेघांत किती अंतर एवढं एकच त्याला कळायचं. म्हणून हर्षदा आधी बेफाम सुटायची. नालाबिला काही न बघता, रेघ सगळ्यात जवळच्या वाटेने जाईल तशी जाऊ द्यायची. सगळा बोर्ड भरला की हात उचलून म्हणायची, "नाना, या."

नाना त्याची प्रिंट पॅडवर घेऊन आड येणाऱ्या रेघांवर लाल फुल्या मारायचे आणि पुढे वाकायचे. "मागे," म्हणायचे. तिची करंगळी कंट्रोलवर, अनामिका झेडवर. एक रेघ पुसली जायची. "मागे. मागे. अजून मागे. हां, बस."

बस म्हटलं की ती थांबायची, आणि तिथून नवी, लांबची, शहाणी वाट काढायची. परत "मागे", परत "बस". असं करत करत बोर्डाच्या मधोमध एक कोरा पट्टा उघडा व्हायचा. मग नाना दुसरी प्रिंट घेऊन त्यावर लाल पेन्सिलीने नाला रंगवायचे, पट्टीने मोजायचे आणि कोपऱ्यात सही करायचे. एकोणीस वर्षांत साकारचा एकही वैद्यकीय बोर्ड परत आला नव्हता. लोक म्हणायचे हर्षदाचा हात चांगला आहे. हर्षदालाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि पुढच्या सगळ्याचं मूळ इथे आहे.

* * *

दोन वर्षांपूर्वी पुण्याहून 'हस्तक' नावाची कंपनी आली.

कॉम्प्युटरला बोर्ड आखायला शिकवायचे प्रयत्न चाळीस-पन्नास वर्षं चालले होते. त्याला हजारो तयार बोर्ड दाखवायचे आणि म्हणायचं, असं काढ. तो काढायचाही, पण मांजराने लोकरीशी खेळल्यासारखं. कारण तयार बोर्डात उत्तर दिसतं, उत्तरापर्यंतचा विचार दिसत नाही. हस्तकच्या लोकांना वेगळीच गोष्ट सुचली. कुशल माणसाचा विचार डोक्यात नसतो, हातात गेलेला असतो. बोट हलायच्या आधी, सेकंदाच्या विसाव्या भागाएवढं आधी, कोपराखालच्या स्नायूंत विजेची बारीक लहर उठते. ती कातडीवरून वाचणारा पट्टा त्यांनी बनवला. माणसाच्या दोन्ही हातांना पट्टे बांधायचे, स्क्रीनवर त्या क्षणी काय होतं ते सोबत नोंदवायचं, आणि अकरा आठवडे त्याला काम करू द्यायचं. कुठलं बटण दाबलं एवढंच नाही, कुठलं दाबता दाबता राहिलं हेही मशीनला कळायचं. मग मशीन समोर नवा बोर्ड आला की स्वतःलाच विचारायचं, इथे या बाईचा हात काय करेल?

नानांनी पट्टा हातात घेऊन उलटसुलट बघितला होता.

"याला कान कुठे आहेत, मोगलबाई?"

"कान कशाला हवेत, नाना? हात वाचतो तो."

"मग मी बोलतो ते कोण वाचणार?"

आवाज नोंदवायचा नव्हता. खासगीपणाचा कायदा होता ना. माणसाचा हात कोपरापासून काढून नेला तर चालतं, त्याचं बोलणं ऐकायचं नाही.

आणि एक फॉर्म होता. त्यात सातवा प्रश्न: 'तुमच्या कामात दुसऱ्या कोणाचा सहभाग असतो का?' हर्षदाचं पेन थांबलं होतं. कुलथेसाहेब शेजारीच उभे होते. म्हणाले, "नाही लिही. हो लिहिलंस तर दोघांचा करार, दोघांची कागदपत्रं, ते लोक दुसरीकडे जातील. आणि खरं सांग, नाना काय करतात? मागे बसून मागे-मागे म्हणतात."

ती हसली होती. हसली, आणि 'नाही'वर खूण केली. साहेबांच्या भीतीने केली असं ती पुढे स्वतःला सांगत राहिली. ते निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं असं, की एकोणीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिला म्हणालं होतं, की हे सगळं तुझ्या एकटीचं आहे.

मशीन आलं त्याच महिन्यात नानांना नारळ मिळाला, अक्षरशः, शालीबरोबर. तपासायला काही उरलंच नव्हतं. फाटकापर्यंत हर्षदा सोबत गेली. नानांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि म्हणाले, "चल. आता तुला मागे ओढणारं कोणी नाही."

टोमणा होता. तिला तो आशीर्वादासारखा ऐकू आला, इतकी ती तेव्हा हवेत होती.

* * *

जळका बोर्ड बघितल्यावर तिने पुण्याला फोन लावला. स्क्रीनवर सिद्धेश परुळेकर आला. त्यानेच तिच्या हाताला पट्टे बांधले होते. सभ्य मुलगा, आवाज चढवत नाही. अशा लोकांशी भांडता येत नाही.

"सर, माझ्या हाताची जी नोंद घेतलीत, त्यातलं कंट्रोल-झेड कुठे आहे?"

"ते काढलं मॅडम. फिल्टरमध्ये जातं ते. चूक आणि चुकीची दुरुस्ती, दोन्ही बाद. मशीनने चुका कशाला शिकायच्या? तुमच्या बाबतीत तर एकतीस टक्के हालचाली बाद झाल्या." तो हसला. "तुमचा हात स्वच्छ करून घेतला म्हणा ना."

"त्या चुका नव्हत्या."

"मग काय होतं?"

तिने सांगितलं. नाला, स्टूल, मागे, बस. सांगताना तिलाच ते येडपटासारखं ऐकू येत होतं. बेफाम सुटायचं हे तिच्या हातात होतं, आणि थांबायचं नानांच्या तोंडात. मशीनने नुसता तिचा हात उचलला होता, नानांचं तोंड नाही. नाना बस म्हणाल्यावर तिने काढलेल्या नव्या वाटा नोंदीत उरल्या होत्या, त्यांतून मशीन बराच नाला शिकलं होतं. म्हणून तर बहुतेक जागा मोकळी होती. पण जिथे गर्दी झाली, जवळची वाट मोहात पाडणारी होती, तिथे मशीनने तेच केलं जे हर्षदाच्या हाताने केलं असतं. आणि मागे आलं नाही, कारण मागे येणं त्याला कोणी दिलंच नव्हतं.

सिद्धेशने विचारलं, "असे किती बोर्ड असतील, मॅडम?"

"मी काय सांगू? तुम्ही सांगा."

त्याने खाली बघून काहीतरी टाइप केलं. "काचपेट्यांमध्ये अकराशे चाळीस. तुमच्या हाताचे, निरनिराळ्या कारखान्यांत बनलेले."

"बंद करा त्या. आजच्या आज."

"पुरावा लागेल मॅडम. मूळ नोंद आम्ही ठेवत नाही. फिल्टर झालेलीच ठेवतो."

* * *

पुरावा एकाच माणसाकडे असणार होता. सिडकोतल्या नानांच्या घरी ती दोन वर्षांत एकदाही गेली नव्हती. काकूंनी दार उघडलं, ओळखलं, आणि आत वळल्या. नाना खुर्चीत कोथिंबीर निवडत बसले होते.

"या मोगलबाई. एकट्याच? हात नाही आणला?"

"नाना, मार खायलाच आलेय. पण आधी ऐका."

त्यांनी ऐकलं. सहा दिवसांची मुलगी आली तेव्हा कोथिंबिरीची काडी त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

"किती सुटला होता नाला?"

"सव्वा मिलिमीटर."

"सव्वा." ते उठले. "आपल्या जुन्या प्रिंटा मी घरी आणल्या होत्या. साहेब रद्दीत टाकत होते. अगं, कुठे ठेवल्यास?"

"ठेवल्या कुठल्या," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "फळ्यांवर अंथरल्यात. जाड कागद होता चांगला."

मग तिघांनी मिळून डबे उतरवले. तांदळाचा, डाळीचा, पोह्यांचा. खाली हर्षदाचे बोर्ड पसरलेले होते, तेलाचे गोल डाग पडलेले, हळदीने पिवळे झालेले, आणि प्रत्येकाच्या मधोमध लाल पेन्सिलीचा नाला. कोपऱ्यात सही: य. बोराडे. आधीच्या प्रिंटवर बेफाम रेघा आणि त्यावर नानांच्या लाल फुल्या, नंतरच्या प्रिंटवर मोकळा पट्टा. आधी आणि नंतर, आधी आणि नंतर. चौतीस बोर्डांच्या जोड्या निघाल्या. नाना एकेक कागद फडक्याने पुसत होते.

"बघितलंस," ते काकूंना म्हणाले, "मी काय करायचो तिथे बसून. तू म्हणायचीस ना, नुसते बसता म्हणून पगार देतात."

काकू डोळ्याला पदर लावून रिकाम्या फळीकडे बघत राहिल्या. हर्षदाला सातवा प्रश्न आठवला. तेव्हाच सांगायला हवं होतं. डबे खाली होते, नाना खुशीत होते, तिघंच होते. तिने नाही सांगितलं. प्रिंटांची गुंडाळी करून तिला दोरा बांधला.

* * *

बैठक साकारमध्येच झाली, दुपारी तीनला. सिद्धेश पुण्याहून आला होता, सोबत कंपनीच्या वकीलबाई, सौम्य आवाजाच्या आणि पाण्याची बाटली स्वतःची आणणाऱ्या. कुलथेसाहेब टेबलाच्या टोकाला. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि पेन्सिल कानावर होती.

त्यांनी कागद पसरले आणि समजावून सांगितलं. इतकं बोलताना हर्षदाने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. सिद्धेश मन लावून ऐकत होता. त्याला कळत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. शेवटी तो वकीलबाईंकडे वळून म्हणाला, "हे खरं आहे."

"असेल," वकीलबाई म्हणाल्या. "उलट यातून एवढंच दिसतं, की या कामात दुसरा माणूस होता." त्यांनी एक कागद नानांसमोर सरकवला. "आणि मॅडमनी आम्हाला लिहून दिलं होतं की नव्हता. प्रश्न सातवा."

नानांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला, वाचला. मग हर्षदाची सही बघितली. तीही ते ओळखत होते.

ते पसरलेली एकेक प्रिंट उचलून गुंडाळायला लागले.

"नाना," हर्षदा म्हणाली.

"बाजूला हो. तुझ्या कोपराखाली एक राहिलीय."

वकीलबाई थांबल्या नाहीत. त्यांच्याकडे जबाब तयार होता. दोष यंत्रात नाही. हात देणाऱ्या व्यक्तीने कामाची पद्धत दडवली. तपासनीस बोराडे यांचा सहभाग जाणूनबुजून नोंदवला नाही. म्हणून सदोष हात पुरवला गेला. हर्षदाने यावर सही केली, तर संध्याकाळी सहाच्या आत सगळ्या दवाखान्यांना अकराशे चाळीस पेट्या बंद करण्याचा निरोप जाईल. बोर्ड बदलून मिळतील.

"आणि नाही केली तर?"

"तर यंत्रात दोष आहे असं तुमचं म्हणणं राहील. ते तुम्ही सिद्ध करायचं. कोर्टात दोन वर्षं, तीन वर्षं. तोवर पेट्या परत बोलावता येणार नाहीत, कारण बोलावल्या तर आम्ही दोष मान्य केला असं होईल."

"आणि तोवर त्यात बाळं ठेवतील."

"ते दवाखान्यांनी ठरवायचं."

हर्षदाला टेबल उलथवावंसं वाटलं. ती बाई गुन्हेगार नव्हती. घरी तिलाही कदाचित लेकरू असेल. ती फक्त एक वाक्य दुसऱ्या वाक्याला जोडत होती, आणि सगळ्या जोडण्या बरोबर होत्या, आणि वीज शेवटी पोहोचत होती ती बाळाच्या पोटाला. तिने कुलथेसाहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिडकीकडे तोंड केलं.

नाना दाराशी पोहोचले होते. गुंडाळी काखेत. तिथून, वळून न बघता, ते म्हणाले, "यावर सही केलीस तर ते मशीन खरं ठरेल, हर्षदा. एवढं कळतंय ना तुला?"

एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तिला नावाने हाक मारली.

"कळतंय," ती म्हणाली.

ते थोडं थांबले. ती वाट बघत होती, नाना पुढचं काही म्हणतील. कर म्हणतील, नको म्हणतील. ते गेले. जिन्यावर त्यांच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकू आला.

तिने सही केली. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

* * *

निरोप गेले. शब्दाला पक्के होते लोक. पाच आठवड्यांत एक हजार बासष्ट बोर्ड परत आले. अठ्ठ्याहत्तर पेट्यांचा पत्ता लागला नाही. कुणीतरी दान दिलेल्या, तिथून आणखी पुढे दिलेल्या, पाड्यांवरच्या, सीमेपलीकडच्या कुठल्या कुठल्या दवाखान्यांत गेलेल्या. त्या चालू असतील. ओल्या हवेत धुळीचा थर जमत असेल.

त्या सहा दिवसांच्या मुलीच्या रिपोर्टात आता हर्षदाचं नाव होतं. पोलिसांनी दोनदा बोलावून घेतलं. कुलथेसाहेबांनी तिला घरी बसायला सांगितलं, काही दिवस, म्हणाले. काही दिवस म्हणजे काय हे दोघांनाही माहीत होतं. ती सिडकोत गेली तेव्हा काकूंनी सेफ्टी डोअरची जाळी उघडली नाही. सकाळचे अकरा वाजले होते आणि त्या म्हणाल्या, "झोपलेत ते." मागे स्वयंपाकघर दिसत होतं. डबे फळ्यांवर परत चढले होते. खाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं.

सामान न्यायला ती साकारमध्ये आली त्या दिवशी सिद्धेशचा फोन आला. तिची चौकशी करायला केला होता. खरंच करायला केला होता.

"नवीन बोर्ड कोण आखतंय?" तिने विचारलं.

"कोइंबतूरचे एक जण आहेत. फार छान हात आहे. तीस वर्षांचा अनुभव."

"एकटेच काम करतात?"

"फॉर्मवर तसंच आहे."

"आणि फिल्टर? तो बदललात ना, सर? कंट्रोल-झेड ठेवताय ना आता?"

अगदी हळू, माणूस दुःखी असतो तेव्हा बोलतो तसा तो म्हणाला, "मॅडम, फिल्टरमध्ये दोष नव्हता. तुम्हीच तसं लिहून दिलंय. मी आत बोलायचा प्रयत्न केला. ते तुमचा जबाब दाखवतात."

तिने फोन खाली ठेवला.

कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर अजून कोणी उचलला नव्हता. शेजारी स्टूल होतं, त्यावर कोणीतरी बॅटऱ्यांचं खोकं ठेवलेलं. हर्षदाने खोकं खाली उतरवलं, स्टूल ओढून आपल्या उजव्या खांद्यामागे, त्याच्या जागेवर ठेवलं आणि कॉम्प्युटर चालू केला. एक रिकामा वैद्यकीय बोर्ड उघडला. हात बसवले.

दोन वर्षांनीही ते विसरले नव्हते. ती बेफाम सुटली. रेघ, स्पेसबार, तीन भोकं आणि थोडी जागा, रेघ, चाक, उजवी क्लिक. दुपार उतरेपर्यंत बोर्ड भरला. सगळ्यात जवळच्या वाटा, आरपार, नाला म्हणून कुठे नखाएवढी जागा नाही. तिने हात उचलले. सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं.

मग करंगळी कंट्रोलवर गेली आणि अनामिका झेडवर.

एक रेघ पुसली गेली. दुसरी. तिसरी. मधोमध कोरा पट्टा दिसायला लागला, सव्वा मिलिमीटर, तीन, पाच. ती कान देऊन ऐकत होती. आठ मिलिमीटर झाले. इथेच कुठेतरी थांबायचं असतं हे तिला माहीत होतं, पण तिच्या बोटाला माहीत नव्हतं, कधीच नव्हतं. बोट दाबत राहिलं. नऊ. बारा. पट्टा रुंद होत बोर्डाच्या कडांना लागला, भोकं गेली, घरं तेवढी उरली, एकमेकांना न जोडलेली. मागे जायला काही शिल्लक राहिलं नाही तेव्हा कॉम्प्युटर प्रत्येक दाबाला टुक असा बारीक आवाज करायला लागला.

टुक. टुक. टुक.

स्टुलावरून कोणी बस म्हणालं नाही.